ओझें कोणतें टाकावें?

प्रवासाला निघतांना बरोबर काय घ्यावें हें सांगणारे पुष्कळ भेटतात. काय टाकावें हें सांगणारा विरळा. परंतु ज्याला वेगानें जावयाचें असतें, त्याच्यापुढें हा दुसरा प्रश्नच आधीं उभा राहतो. घोडदळाचा सरदार असो, गड चढणारा मावळा असो, कीं मातीच्या खडबडीत वाटेवर मोटारसायकल पिटाळणारा आजचा तरुण असो, तिघांनाही एकच हिशेब मांडावा लागतो. जवळ आहे त्यापैकीं निव्वळ ओझें कोणतें, आणि ओझ्यासारखा दिसणारा परंतु वस्तुतः आधार असलेला भाग कोणता? हा हिशेब चुकला कीं माणूस दोन्ही बाजूंनीं फसतो. नको तें बाळगलें तर तो मागें पडतो. हवें तें टाकलें तर वाटेंतच पडतो.

ज्या यंत्राला महाराष्ट्रांत पूर्वीं कौतुकानें फटफटी म्हणत, त्या मोटारसायकलीची मातीवरची जात निराळी असते. टायरांवर रबराचे ठळक उंचवटे, चाकापासून बरेंच वर उचललेले मडगार्ड आणि धक्के गिळणाऱ्या लांब स्प्रिंगा असें तिचें रूप. केवळ शर्यतीसाठीं बांधलेल्या गाडीला दिवा नसतो, आरसा नसतो, भोंगा नसतो. उभी करण्यासाठीं स्वतःचें स्टँडही नसतें. अशी गाडी विकत घेण्याचें सामर्थ्य सर्वांनाच असतें असें नाहीं. म्हणून रस्त्यावरची साधी गाडी घ्यावी, तिचे एकेक भाग सोडवावे आणि ती हलकी करावी, ही हौस तरुणांत फार दिसून येते.

मुंबईच्या ईशान्येस, भांडुप आणि मुलुंड या दोन स्टेशनांच्या मध्यें वसलेल्या नाहूरच्या परिसराशीं या हौसेचें एक नातें आहे. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदराहून ठाण्यास निघालेली पहिली आगगाडी याच बाजूनें गेली. जुना आग्रा रस्ता, ज्याला आतां लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणतात, तोही याच पट्ट्यांतून जातो. आणि नाहूर-भांडुपच्या व्हिलेज रोडवर सिएट कंपनीचा टायरांचा कारखाना आहे. इटलींतील तूरिन शहरीं १९२४ सालीं निघालेल्या उद्योगाची हिंदुस्थानांतील शाखा १९५८ मध्यें सुरू झाली आणि १९८२ पासून ती गोएंका यांच्या उद्योगसमूहांत आहे. २०२४ च्या जानेवारींत पुण्याच्या बालेवाडी येथील क्रीडासंकुलांत ज्या सुपरक्रॉस शर्यतींना आरंभ झाला, त्यांना याच कंपनीचें नांव लागलें होतें. मातीचे उंचवटे, त्यांवरून झेप घेणाऱ्या गाड्या आणि एकेका किलोसाठीं चाललेली झटापट हें दृश्य आतां महाराष्ट्राला परकें राहिलेलें नाहीं.

तसें पाहिलें तर हा हिशेब या भूमीला मुळींच नवा नाहीं. घोड्याच्या पाठीवर किती भार घालावा, या एका प्रश्नाभोंवतीं मराठ्यांच्या युद्धनीतीचा मोठा भाग फिरत आला. ग्रँट डफ यानें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासांत पहिल्या बाजीरावाविषयींची एक आख्यायिका दिली आहे. बाजीराव दिसतो तरी कसा, हें पाहण्याची इच्छा दिल्लीच्या बादशहाला झाली आणि त्यानें चित्रकार पाठविला. चित्र आलें तें असें: साध्या वेषांतला एक स्वार घोड्यावर बसला आहे, लगाम मोकळा सोडला आहे, भाला खांद्याला टेकला आहे, आणि चालत्या घोड्यावरच तो दोन्ही हातांनीं ज्वारीचीं कणसें चोळून दाणे खात आहे. या चित्राकडे बहुतेक लोक साधेपणाचा नमुना म्हणून पाहतात. परंतु त्यांत आणखी एक तपशील आहे, तो सहसा ध्यानांत येत नाहीं. घोड्याच्या तोबऱ्यांत त्याच्या अगाडी-पिछाडीच्या दोऱ्या आणि मेखा व्यवस्थित ठेवलेल्या आहेत. तंबू टाकला, स्वयंपाकाचीं भांडीं टाकलीं, नोकरचाकर टाकले; मेखा टाकल्या नाहींत. कारण तंबूवांचून रात्र काढतां येते, पण घोडा बांधतां आला नाहीं तर सकाळीं स्वार पायउतार झालेला असतो. आख्यायिका खरी असो वा नसो, हलक्या स्वारीचें सारें शास्त्र तिच्यांत आलें आहे.

याच बाजीरावानें १७२८ सालीं निजामाला पालखेड येथें जो धडा दिला, तो या शास्त्राची दुसरी बाजू दाखवितो. निजामाचा तोफखाना त्या काळीं दक्षिणेंत प्रबळ मानला जाई. बाजीरावानें समोरासमोर गांठ घेण्याचें टाळलें आणि जड तोफांवांचून, झपाट्याच्या मजला मारीत, शत्रूच्या मुलखांतून त्याला मागें मागें ओढलें. त्याला गांठावयाचें म्हणून निजामही घाई करूं लागला आणि त्यानें आपल्या जड तोफा मागें ठेवल्या. येथेंच त्याचा हिशेब चुकला. मराठ्यांची फौज तोफांवांचून लढण्यासाठींच घडलेली होती. निजामाची फौज तोफांच्या आश्रयानें लढण्यासाठीं घडलेली होती. बाजीरावानें जें टाकलें तें त्याचें ओझें होतें; निजामानें जें टाकलें तो त्याचा आधार होता. फेब्रुवारीच्या अखेरीस वैजापूरच्या बाजूस पालखेड येथें तो कोंडला गेला, त्याचें अन्न आणि पाणी तुटलें, आणि ६ मार्च १७२८ रोजीं मुंगी-शेवगांवचा तह त्याला करावा लागला. दोघांनींही भार कमी केला होता. एक जिंकला, एक हरला.

पुढें तेहतीस वर्षांनीं पानिपतावर याच प्रश्नानें उग्र रूप धारण केलें. सदाशिवरावभाऊंच्या बरोबर इब्राहिमखान गारद्याचा जड तोफखाना होता, आणि बायकामुलें, यात्रेकरू, बाजारबुणगे असा मोठा जमाव होता. कुटुंबें आणि जड सरंजाम मागें ठेवून हलक्या फौजेनें गनिमी पद्धतीनें लढावें, असा सल्ला सूरजमल जाटानें दिला होता. मल्हारराव होळकरांचेंही मत त्याच बाजूचें होतें. तो मानला गेला नाहीं. १४ जानेवारी १७६१ च्या दिवशीं गारद्यांच्या तोफा निकामी ठरल्या असें मात्र नाहीं. त्या जोरानें चालल्या. फौजेला बुडविलें तें त्या तोफांनीं नव्हे, तर ज्यांचा लढाईशीं संबंध नव्हता अशा हजारो पोटांनीं आणि तुटलेल्या रसदेनें. म्हणजे ओझें तोलून ठरत नाहीं. त्याचें कार्य पाहून ठरतें. तोफ जड होती, पण ती ओझें नव्हती.

हाच विचार मनांत ठेवून यंत्राच्या इतिहासाकडे वळलें म्हणजे पुष्कळ गोष्टी उलगडतात. मातीवरच्या मोटारसायकल शर्यतीचा प्रारंभ सामान्यतः इंग्लंडांत २९ मार्च १९२४ या दिवशीं झाला असें मानतात. यॉर्कशायरमध्यें अल्फ्रेड स्कॉट या मोटारसायकल बनविणाऱ्या गृहस्थाच्या नांवानें एक कसोटीची स्पर्धा चालत असे. तींत वेगाबरोबर तोल सांभाळण्याच्या कौशल्यालाही गुण मिळत. दक्षिणेंतील कॅम्बर्ले येथील मंडळींनीं गुणांचा भाग काढून टाकला आणि केवळ जो आधीं पोंचेल तो जिंकला अशी शर्यत ठेवली. आर्थर स्पार्क्स हा तींत पहिला आला. त्या दिवशीं धांवलेल्या गाड्या रस्त्यावरच्याच होत्या. शर्यतीच्या आधीं दिवे व इतर किडूकमिडूक सोडवावें, शर्यत झाली कीं पुन्हां बसवावें आणि त्याच गाडीवर घरीं जावें, अशी रीत पुढें कित्येक वर्षें चालली. भाग काढण्याची कला जन्मली ती अशी गरजेंतून.

या कलेच्या मागें जें गणित आहे तें अवघड नाहीं. समजा, शंभर किलोच्या गाडीवर सत्तर किलोचा स्वार बसला आहे. गाडीचा एक किलो कमी केला तर एकूण १७० किलोंपैकीं एकच किलो गेला. म्हणजे शेंकडा एकाहूनही कमी. स्वारानें स्वतःचें वजन चार किलोंनीं उतरविलें तर गाडीचे चार किलो उतरविण्याइतकाच फायदा बहुतांशीं पदरीं पडतो, आणि त्याला पान्हाही लागत नाहीं. परंतु सर्व किलो सारख्या किंमतीचे नसतात. गाडीच्या स्प्रिंगांच्या वर जें वजन असतें त्याला स्प्रिंगा झोळीसारख्या झेलतात. चाक, टायर, ब्रेक यांचें वजन मात्र स्प्रिंगांच्या खालीं असतें आणि प्रत्येक दगडाबरोबर तें जसेंच्या तसें उसळतें. शिवाय चाक पुढें जातें आणि स्वतःभोंवतीं फिरतेंही; म्हणून त्याच्या कडेवरचें वजन वेग घेतांना आणि थांबतांना दुप्पट जाच करतें. उंचावरचें वजन वळणावर गाडीला आडवी ओढतें. खालचें तितकें ओढीत नाहीं. म्हणून जाणता कारागीर किती वजन निघालें एवढेंच विचारीत नाहीं; तें कोठून निघालें हें आधीं विचारतो.

हिंदुस्थानांत ही कला ज्या गाड्यांवर शिकली गेली, त्यांतली एक प्रमुख गाडी जावा होय. चेकोस्लोव्हाकियाची ही टू-स्ट्रोक गाडी स्वातंत्र्यानंतरच्या काळांत मुंबईच्या इराणी व्यापाऱ्यांनीं आणली. पुढें रुस्तम इराणी आणि फारोख इराणी यांनीं आयडियल जावा ही कंपनी काढली आणि १९६१ मध्यें म्हैसूर येथें गाड्या तयार होऊं लागल्या. १९७३ पासून त्यांना येझदी हें नांव मिळालें. कारखाना १९९६ मध्यें बंद पडला. १९८५ मध्यें यामाहाची आर.एक्स. १०० आली, ती सुमारें शंभर किलोंची आणि चपळ होती. परदेशीं शर्यतीची गाडी आणणें त्या काळीं बहुतेकांच्या आटोक्याबाहेर होतें. तेव्हां मातीच्या शर्यती देशी गाड्यांवरच होत आणि त्या गाड्या घरच्या घरीं सोलून हलक्या केल्या जात. दिवा, आरसे, दिशादर्शक दिवे, भोंगा, मागच्या माणसाचीं पावलें ठेवण्याचे दांडे, साडी गार्ड, दोन्ही स्टँडें, हत्यारांची पेटी, हे सर्व भाग शर्यतीच्या बंदिस्त वाटेवर खरोखरच निरुपयोगी असतात. नुसते निरुपयोगीच नव्हे. काच आणि टोंकदार लोखंड पडलेल्या स्वाराला इजा करूं शकतें, म्हणून तेथें तें काढणें हेंच शहाणपण.

घोटाळा होतो तो यापुढें. एकदां पान्हा हातीं आला म्हणजे तो कोठें थांबवावा हें कळेनासें होतें. हवा गाळणारा एअर फिल्टर काढला कीं इंजिन क्षणभर मोकळा श्वास घेतल्यासारखें वाटतें. पण दख्खनच्या उन्हाळ्यांत उडणारी बारीक धूळ त्या वाटेनें सरळ सिलिंडरांत जाते आणि पिस्टनला कानशीसारखी खाते. इंजिनाखालचें पत्र्याचें कवच काढलें तर एक-दोन किलो वाचतात. पण सह्याद्रीचा काळा पत्थर इंजिनाच्या पेटीला एकदां लागला कीं तेल जमिनीवर आणि शर्यत समाप्त. पुढचें मडगार्ड काढलें तर पहिल्याच डबक्यांत चिखल डोळ्यांवर येतो, आणि आंधळ्या स्वाराला हलकी गाडी काय कामाची?

धूर सोडणाऱ्या नळीची कथा तर अधिक उद्बोधक आहे. टू-स्ट्रोक गाडीचा सायलेन्सर कापला किंवा काढला कीं ती जोरांत ओरडते. ओरड वाढली म्हणजे जोर वाढला, असा भाबडा समज त्यामुळें पसरला. खरा प्रकार उलट आहे. पूर्व जर्मनींतील त्शोपाउ येथील एम.झेड. कारखान्यांत वाल्टर काडेन या अभियंत्यानें १९५० नंतरच्या दशकांत या नळीचा कसून अभ्यास केला. इंजिनांतून बाहेर पडणारा धूर नळींत दाबाची एक लाट उत्पन्न करतो. नळी आधीं रुंद आणि मग अरुंद अशी योग्य मापानें बांधली, तर ती लाट परत फिरते आणि सिलिंडरांतून निसटूं पाहणारें न जळलेलें मिश्रण पुन्हां आंत ढकलते. म्हणजे नळीचा तो फुगीर भाग एक प्रकारें इंजिनाचाच अवयव असतो. काडेनचा स्वार अर्न्स्ट डेग्नर हा १९६१ मध्यें पश्चिमेकडे पळून गेला आणि हें ज्ञान जपानच्या सुझुकी कंपनीला मिळालें. पुढच्याच वर्षीं त्यानें सुझुकीवर ५० घन सेंटिमीटर वर्गाचें जगज्जेतेपद मिळविलें. ज्या नळीच्या आकारासाठीं एवढें राजकारण घडलें, ती नळी ओझें म्हणून कापून टाकणें म्हणजे आंबा फेकून पाटी जपणें होय.

भाग काढून वजन घटविण्याला मर्यादा आहे हें कळल्यावर शर्यतीच्या जगानें दुसरा मार्ग धरला, तो भाग ठेवून त्याचा पदार्थ बदलण्याचा. बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीचा जेफ स्मिथ हा १९६४ आणि १९६५ या दोन्ही सालीं ५०० घन सेंटिमीटर वर्गांत मोटोक्रॉसचा जगज्जेता होता. परंतु चेकोस्लोव्हाकियाच्या सी.झेड. या हलक्या टू-स्ट्रोक गाड्या त्याच्या पाठीशीं लागल्या होत्या. तेव्हां १९६६ सालासाठीं कंपनीनें विमानांत वापरतात त्या टिटॅनियम धातूचा सांगाडा बनविला. टिटॅनियमचें वजन त्याच आकाराच्या पोलादाच्या निम्म्याहून थोडेंच अधिक भरतें. पण त्याचा ताठरपणाही पोलादाच्या जवळजवळ निम्माच असतो. म्हणून हलका झालेला सांगाडा लवूं लागला. शिवाय हा धातू तापला असतां हवेचा स्पर्श सहन करीत नाहीं. त्याचा सांधा आर्गन वायूच्या आवरणांत जोडावा लागतो. पोलादी नळी तडकली तर शर्यतीच्या मैदानावरचा कोणताही लोहार ती सांधून देई. टिटॅनियमची तडक म्हणजे गाडी घरीं नेणें. तो प्रयोग फसला आणि त्या वर्षींचें अजिंक्यपद सी.झेड.वर बसणाऱ्या पॉल फ्रीड्रिख्सकडे गेलें. त्यानें तें पुढें आणखी दोन वर्षें राखलें. वजनकांट्यावर जिंकलेली गाडी मैदानावर हरली.

तरीही हलकेपणाचा मोह सुटला नाहीं, कारण हलकेपणा खरोखरच उपयोगी पडत होता. सुझुकीनें १९७० मध्यें २५० घन सेंटिमीटरची अतिशय हलकी गाडी मैदानांत आणली आणि बेल्जियमच्या जोएल रोबेरनें तिच्यावर ओळीनें तीन वर्षें, १९७० ते १९७२, जगज्जेतेपद मिळविलें. ही गाडी मात्र टिटॅनियमच्या प्रयोगाहून एका गोष्टींत वेगळी होती. ती मुळापासून हलकी म्हणून कल्पिलेली होती. तेव्हां धास्ती निराळी उत्पन्न झाली. कारखान्यांनीं दुर्मिळ धातूंवर पैसा ओतावा, साध्या स्वारानें तोंड पाहत राहावें, आणि वजनाच्या हव्यासांत भाग इतके बारीक व्हावे कीं जीव धोक्यांत यावा, असें होऊं नये म्हणून आंतरराष्ट्रीय महासंघानें १९७३ च्या हंगामासाठीं किमान वजनाची मर्यादा घातली. ज्यांनीं महत्प्रयासानें वजन घटविलें होतें, त्यांना तें पुन्हां घालणें भाग पडलें. गंमत अशी कीं, त्याच वर्षीं ५०० घन सेंटिमीटर वर्गांत रोजर डी कोस्टर सुझुकीवरच पुन्हां जिंकला. हलकेपणा काढून घेतला तरी कौशल्य काढून घेतां आलें नाहीं.

१९७३ हेंच वर्ष आणखी एका कारणानें महत्त्वाचें ठरलें. होंडा कंपनीनें एल्सिनोर या नांवाची २५० घन सेंटिमीटरची मोटोक्रॉस गाडी सर्वसामान्यांसाठीं बाजारांत आणली. ती विकत घेणाऱ्याला कांहींच सोडवावें लागत नसे. काढण्याजोगा दिवा तिला मुळीं लावलेलाच नव्हता. पन्नास वर्षें स्वार घरीं बसून जें वजाबाकीचें काम करीत, तें आतां कारखान्यानें आराखड्यावरच करून टाकलें. या दोन पद्धतींतला भेद ध्यानांत घेण्याजोगा आहे. आराखड्यांत वजन कमी करणारा अभियंता एक भाग काढतो तेव्हां त्याच्यावर पडणारा ताण दुसरीकडे वळवितो. पान्ह्यानें वजन कमी करणारा भाग काढतो, पण ताण तेथेंच राहतो.

वजन कमी करण्याचा टोंकाचा दाखला म्हणून पुष्कळ जण स्पीडवेच्या गाडीकडे बोट दाखवितात. १९२० नंतरच्या दशकांत ऑस्ट्रेलियांत वाढीस लागलेल्या या खेळांत गाडीला ब्रेकच नसतो. मग मातीच्या वाटेवर तो कशाला, असें कोणी विचारील. उत्तर सोपें आहे. स्पीडवेची वाट सपाट आणि लंबगोल असते, सर्व स्वार एकाच दिशेनें आडवे घसरत वळतात, आणि मध्येंच एकानें ब्रेक लावला तर मागचे त्याच्यावर आदळतील. तेथें ब्रेक नसण्यांत सुरक्षितता आहे. डोंगरउतारावर ब्रेक असण्यांत आहे. भाग तोच, गाडी तशीच. वाट बदलली कीं न्याय बदलतो.

इतिहासाची अखेरची उलथापालथ अशी कीं, अलीकडच्या काळांत टाकलेलें वजन स्वखुशीनें परत घेतलें गेलें. १९९७ मध्यें यामाहानें ४०० घन सेंटिमीटरची फोर-स्ट्रोक गाडी अमेरिकेंतील सुपरक्रॉसमध्यें उतरविली. टू-स्ट्रोक गाड्यांहून ती जड होती. तरी डग हेन्री तिच्यावर लास व्हेगासची शर्यत जिंकला, कारण तिचा जोर एकदम उसळत नसे, जमीन धरून येई. पुढें बटण दाबून सुरू होणारीं इंजिनें आलीं. त्यांना बॅटरी लागते, मोटर लागते, वजन वाढतें. पण पडलेली गाडी लाथा मारून सुरू करण्यांत जो वेळ जातो, तो एक-दोन किलोंच्या भारानें कधींच जात नाहीं. ऑस्ट्रियाच्या ज्या के.टी.एम. कंपनीनें या सोयीचा पुरस्कार केला, तिच्या लहान गाड्या पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यांत तयार होतात. आणि डकारच्या वाळवंटी शर्यतींत, जेथें २०१५ मध्यें सी. एस. संतोष हा पहिला भारतीय दुचाकीस्वार धांवला, तेथें तर स्वाराला पिण्याचें पाणी बरोबर बाळगावेंच लागतें. पालखेडच्या माळावर कोंडलेल्या फौजेला त्या पाण्याचें मोल कोणी सांगावयास नको होतें.

आतां पुन्हां नाहूरच्या रस्त्याकडे यावयाचें. येथें प्रश्न शर्यतीचा राहत नाहीं. येथें ट्रक आहेत, बेस्टच्या बसगाड्या आहेत, शाळेंतून परतणारीं मुलें आहेत, आणि पावसाळ्याच्या काळोखांत खड्डा कोणता नि सांवली कोणती हें न कळणारी संध्याकाळ आहे. शर्यतीच्या वाटेवर जो दिवा ओझें होता, तो येथें डोळा आहे. जो आरसा धोका होता, तो येथें पाठीमागचा पहारेकरी आहे. कायद्यानेंही हाच भेद ओळखला आहे. १९८८ च्या मोटारवाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें कारखान्यानें ठरविलेल्या मूळ स्वरूपाशीं विसंगत होईल असा बदल मालकाला करतां येत नाहीं, आणि २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें या कलमाचा अर्थ स्पष्ट केला. बंदिस्त मैदानाची गोष्ट वेगळी. पण जी गाडी रस्त्यावर यावयाची, तिच्यावरचा प्रत्येक भाग केवळ मालकाच्या मर्जीचा नसतो.

याचें सर्वांत बोलकें उदाहरण म्हणजे साडी गार्ड. बाहेरच्या देशांत या भागाला फारसें कोणी ओळखत नाहीं. येथें मात्र १९८९ च्या केंद्रीय नियमांतील १२३ वा नियम सांगतो कीं, मागें बसणाऱ्यासाठीं हाताला धरावयास आधार हवा, पाय ठेवावयास जागा हवी, आणि मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झांकणारें संरक्षण हवें, म्हणजे वस्त्र चाकांत गुंतणार नाहीं. गाडी हलकी करावयास बसलेल्या तरुणाच्या हातीं पहिल्यांदा येतो तो बहुधा हाच भाग. कारण तो दिसावयास बेढब, काढावयास सोपा आणि त्याला स्वतःला कांहींच उपयोगाचा नसतो. पण ज्या दिवशीं त्याच गाडीच्या मागें त्याची आई किंवा बहीण पदर सांवरून बसते, त्या दिवशीं तो लोखंडी सांगाडा ओझें राहत नाहीं. ज्याचा उपयोग आपल्याला नाहीं त्याचा उपयोग कोणालाच नाहीं, हा समज पानिपतावर जितका महाग पडतो तितकाच चाकाच्या आऱ्यांतही पडतो.

म्हणून इतिहासाचा कौल एका वाक्यांत द्यावयाचा तर तो असा कीं, भाग काढण्यापूर्वीं तो कोणासाठीं बसविला होता हें विचारावें. निव्वळ रस्त्यासाठीं बसविला असेल आणि गाडी रस्त्यावर पुन्हां यावयाची नसेल, तर तो निःशंक काढावा. इंजिनाच्या श्वासासाठीं, स्वाराच्या डोळ्यांसाठीं किंवा पडझडींतून वांचण्यासाठीं बसविला असेल तर त्याला हात लावूं नये. हवा तर तोच भाग अधिक चांगल्या बनावटीचा घ्यावा. पैसा खर्च करावयाचाच असेल तर तो आधीं चाकांवर आणि टायरांवर करावा, कारण जमिनीशीं गाडीचें जें कांहीं नातें आहे तें त्या वीतभर रबरांतूनच जुळतें, आणि तेथला एक किलो इतर जागच्या कित्येक किलोंच्या तोडीचा असतो. आणि जी गाडी सोमवारीं त्याच स्वाराला कामावर घेऊन जावयाची आहे, तिचे काढलेले भाग एका डब्यांत जपून ठेवावे आणि रविवार संपण्यापूर्वीं एकेक पुन्हां बसवावे. कॅम्बर्लेच्या त्या पहिल्या पिढीनें शंभर वर्षांपूर्वीं हेंच केलें, आणि शर्यत संपल्यावर ती मंडळी त्याच गाड्यांवर, दिवे लावून, सुखरूप घरीं गेली.